ओक लावलेली शार्डोने: घरी किटवरून पांढरी वाइन (अनुभव आणि प्रश्न)

रानजाई | १२ जानेवारी, रात्री ९:४०

गेली तीन वर्षं मी इथे वॉटरलूत, ओंटारियोमध्ये, घरी किटवरून वाइन करते. आतापर्यंत सात किटं झाली, त्यातली चार पांढऱ्या वाइनची. लाल वाइन किटवरून बरी जमते असं सगळे सांगतात. पांढरीबद्दल, त्यातही ओक लावलेल्या (ओकच्या लाकडाची चव उतरवलेल्या) पांढरीबद्दल, मराठीत काहीच वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. काल रात्री पाचवी पांढरी लावली, शार्डोने (पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची एक जात), ती हळूहळू जशी होत जाईल तशी इथे लिहीत जाईन.

आधी कायद्याचं. कॅनडात प्रौढ माणसाला स्वतःच्या घरापुरती वाइन करता येते, विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही. तिकडच्या मंडळींनी कृपया हे वाचण्यापुरतंच ठेवावं.

किटात काय येतं? एक मोठी पिशवी, माझ्या किटात १४ लिटरची. त्यात द्राक्षाचा रस आणि आटवलेला रस मिसळलेला असतो. पाणी घालून तो २३ लिटर करायचा. सोबत ५ ग्रॅम यीस्ट (बहुतेक किटांत ईसी-१११८ नावाचं), बेंटोनाइट नावाची माती, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (थोडक्यात सल्फाइट, जंतूंपासून राखणारं), पोटॅशियम सॉर्बेट (यीस्ट पुन्हा वाढू न देणारं), नितळ करायच्या दोन पुड्या आणि ओकच्या दोन पाकिटांत ३०-३० ग्रॅम चिपा (लाकडाचे पातळ कपचे). लाकूड एवढंच. पण या धाग्यातलं निम्मं बोलणं या साठ ग्रॅमबद्दलच असणार आहे.

मी कसं करते ते सांगते.

सगळी भांडी मेटाबायसल्फाइटच्या पाण्यानं धुवून घेते: ४ लिटर पाण्यात ५० ग्रॅम. खिडकी उघडी ठेवा, वाफ नाकात गेली की ठसका लागतो. दम्याच्या माणसानं यापासून लांबच राहावं. ब्लीच मात्र कधीही वापरू नका. क्लोरीन आणि लाकूड, क्लोरीन आणि बूच, या जोड्यांतून पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येऊ शकतो, आणि एकदा आला की तो जात नाही.

३० लिटरच्या बादलीत आधी २ लिटर गरम पाणी, त्यात बेंटोनाइट भुरभुरत टाकून अर्धा मिनिट ढवळायचं. मग रस. रिकामी पिशवी लिटरभर कोमट पाण्यानं विसळून तेही आत. मग २३ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी. आमच्याकडचं नळाचं पाणी जड आहे, म्हणून मी विकतचं झऱ्याचं पाणी घेते. आता हायड्रोमीटर (रस पाण्याच्या किती पट जड ते दाखवतो; साखर आंबत गेली की आकडा उतरतो). काल माझं १.०८८ आलं. तापमान २२ अंश. मग ओकच्या चिपा, आणि शेवटी वरून यीस्ट, न ढवळता. झाकण, त्यावर एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी नळी).

आज सकाळी जिना उतरताना पहिली बुडबुड ऐकू आली. एवढ्या वेळा करूनही तो आवाज आला की मी पायरीवर थांबते.

पुढचा हिशेब साधारण असा: सहा-सात दिवसांत आकडा १.०१० किंवा खाली आला की सायफननं काचेच्या कारबॉयमध्ये (अरुंद गळ्याच्या मोठ्या बाटलीत) काढायची. आणखी दहा दिवसांनी ०.९९६ च्या खाली, आणि सलग दोन-तीन दिवस तोच आकडा. मग सल्फाइट, सॉर्बेट, गॅस काढणं, नितळ करायच्या पुड्या. किटाच्या कागदावर लिहिलेलं असतं: सहा आठवड्यांत बाटलीत.

आता पहिल्या बॅचची गोष्ट. कागदावरच्या तारखा तंतोतंत पाळल्या, सहाव्या आठवड्यात बाटल्या भरल्या, आठव्या आठवड्यात एक उघडली. वास सुतारकामाच्या खोलीचा. जिभेवर आधी लाकूड, मग लाकडाचा कडवटपणा, मधे बारीक गॅसची चुणचुण, आणि द्राक्ष कुठेतरी मागे. मी २८ बाटल्या ओतून द्यायला निघाले होते. तेव्हा सासूबाई इकडे आल्या होत्या. त्या पीत नाहीत, त्यांनी फक्त वास घेतला आणि म्हणाल्या, "कच्चं आहे गं. लोणचं घातल्या दिवशी खाऊन बघतं का कुणी? मुरू दे." बाटल्या तशाच ठेवल्या. सात महिन्यांनी उघडली तेव्हा त्याच बाटलीत भाजलेल्या बदामाचा वास होता, थोडी व्हॅनिला होती, आणि पिकलेलं सफरचंद समोर आलं होतं. लाकूड वेगळं दाखवता येईना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ओकच्या पांढऱ्या वाइनला कागदावरचे सहा आठवडे पुरत नाहीत. तिथे ती तयार होते, मुरत नाही.

माझे प्रश्न: (१) चिपा पहिल्या आंबवणीतच टाकाव्या की नंतर कारबॉयमध्ये? (२) चिपांऐवजी ओकचे चौकोनी तुकडे कुणी वापरलेत का? (३) विकतच्या शार्डोनेत लोण्यासारखी चव असते ती किटात का येत नाही?

---

शेवगा | १२ जानेवारी, रात्री १०:१५

वाचनखूण साठवली. मी लीड्समध्ये राहतो, इथे एक गॅलनची किटं मिळतात, साधारण साडेचार लिटर, सहा बाटल्या. ज्यांना २३ लिटरची धास्ती वाटते त्यांच्यासाठी सुरुवातीला हे बरं. फक्त ओकचं प्रमाण त्याच हिशेबात कमी करा. मी एकदा पाकीटभर चिपा साडेचार लिटरमध्ये टाकल्या होत्या, त्यातून शिकलो. पांढऱ्या वाइनला लिटरमागे दीड-दोन ग्रॅमपासून सुरुवात करावी असं माझं मत झालंय. लाकूड वाढवता येतं, काढून टाकता येत नाही.

---

गोदाकाठ | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

रानजाई ताई, फार मनापासून लिहिलंय. मी नाशिकजवळच्या एका वायनरीत सेलरमध्ये काही वर्षं काम केलं. किट कधी केलं नाही, पण वाइन मुरवायची ओकची पिंपं रोज हाताळलीत, त्यामुळे तुमच्या तीन प्रश्नांवर लिहितो.

पहिला प्रश्न. आंबवणीतच टाका. नवख्याला वाटतं की आंबताना लाकूड असलं म्हणजे लाकडाची चव जास्त लागणार. होतं उलटं. ओकमधली व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य) यीस्टच्या तावडीत सापडली की यीस्ट तिचं रूपांतर अशा अल्कोहोलात करतं ज्याला जवळजवळ वास नाही. शिवाय लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मेलेल्या यीस्टला आणि रसातल्या प्रथिनांना चिकटून गाळात बसतं. म्हणून पिंपातच आंबवलेली शार्डोने ही स्टीलच्या टाकीत आंबवून मग पिंपात भरलेल्या शार्डोनेपेक्षा गोलसर लागते. आंबून झालेल्या वाइनमध्ये चिपा टाकल्या तर वास जास्त उघडा येतो. ज्यांना तो हवा असेल त्यांनी तसं करावं, पण मग दर तिसऱ्या दिवशी चमचाभर चाखत राहा.

दुसरा. चिपा पातळ असतात, आठवडा-दोन आठवड्यांत जे द्यायचं ते देऊन मोकळ्या होतात. चौकोनी तुकड्यांना दोन-तीन महिने लागतात, कारण वाइनला आतपर्यंत शिरावं लागतं. तुकडा बाहेरून जास्त भाजलेला आणि आत कमी, त्यामुळे चवीचे थर मिळतात. तुमच्याकडे वेळ असेल तर तुकडे चांगले.

लाकूडही एक नाही. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन जास्त, त्याचा वास सुक्या खोबऱ्याचा, गोडसर. फ्रेंच ओक संयमी, मसाल्याकडे झुकणारा. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच ओकमध्येही असतं. लाकूड कापल्यावर दोन-तीन वर्षं उघड्यावर पावसात-उन्हात ठेवतात, मग भाजतात. हलकं भाजलं तर लाकूड आणि खोबरं, मध्यम भाजलं तर व्हॅनिला आणि बदाम, काळपट भाजलं तर धूर आणि कॉफी. पांढऱ्याला मध्यमच्या पुढे जाऊ नये.

तिसरा प्रश्न मोठा आहे, संध्याकाळी लिहितो. बागेत जायचंय.

---

पर्वतीपायथा | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

उत्तम धागा. मी पुण्यात राहतो, करणार नाही, पण वाचायला आवडतंय. एक शंका आहे. त्या "नितळ करायच्या पुड्या" कशाच्या असतात? मी शाकाहारी आहे आणि वाइन म्हणजे निव्वळ द्राक्ष असं समजून पितो.

---

रानजाई | १३ जानेवारी, सायंकाळी ६:२०

पर्वतीपायथा, चांगलं विचारलंत. माझ्या किटातल्या दोन पुड्यांपैकी एक कीझलसॉल, म्हणजे पाण्यातली सिलिका. दुसरी कायटोसॅन, ती खेकडा आणि कोळंबीच्या कवचापासून करतात. काही किटांत तिच्याऐवजी आयसिंग्लास असतं, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. या पुड्या गाळ ओढून तळाशी बसतात आणि वाइन वरून काढून घेतात, पण जो पाळतो त्याच्यासाठी प्रश्न उरतोच. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी पाकिटावर सूचनाही असते.

बेंटोनाइट मात्र खनिज आहे, मुलतानी मातीच्याच कुळातलं. त्याच्यावर ऋण भार, प्रथिनांवर धन भार, म्हणून ती ओढली जातात. माझ्या एका शाकाहारी मैत्रिणीसाठी केलेल्या बॅचमध्ये मी फक्त बेंटोनाइट वापरलं आणि बाकी काम वेळेवर सोडलं. आठ दिवसांऐवजी अडीच महिने लागले, पण कारबॉयच्या मागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता आलं.

गोदाकाठ, तुमच्या पहिल्या परिच्छेदानं माझा तीन वर्षांचा गोंधळ मिटवला. चौथ्या किटात मी चिपा नंतर टाकल्या होत्या, आणि तीच बॅच सगळ्यांत उशिरा मुरली.

---

गोदाकाठ | १३ जानेवारी, रात्री ८:५०

लोण्याचं. द्राक्षात दोन मुख्य आम्लं, टार्टरिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदाचं आंबट. यीस्टचं काम झालं की लॅक्टिक जिवाणू मॅलिकचं लॅक्टिक करतात, दह्यातलं मऊ आंबट. या कामात डायअ‍ॅसिटिल तयार होतं, तोच लोण्याचा वास. फ्रान्सच्या बर्गंडीत, कॅलिफोर्नियात शार्डोनेला हे मुद्दाम होऊ देतात. शिवाय तळाचा गाळ अधूनमधून दांड्यानं ढवळतात, त्यानं तोंडात सायीसारखा जाडपणा येतो.

किटात हे करू नये. तो रस पाश्चराइज केलेला असतो, त्याचं आम्ल कारखान्यातच जुळवलेलं असतं, मॅलिक काढून घेतलं तर वाइन पचपचीत होईल. त्याहून मोठं कारण सॉर्बेट. सॉर्बेट घातलेल्या वाइनमध्ये लॅक्टिक जिवाणू शिरले तर ते सॉर्बिक आम्लातून असा पदार्थ करतात ज्याचा वास जिरेनियमची पानं चुरडल्यासारखा येतो. त्यावर उपाय नाही.

तेव्हा किटाच्या शार्डोनेकडून लोणी मागू नका. तिच्याकडून बदाम, व्हॅनिला, पिकलं फळ मागा, ते ती देते. ओक नसलेली शार्डोने हवी असेल तर फ्रान्समधल्या शाब्लीच्या बऱ्याचशा वाइन बघा, तीच द्राक्षं, लाकूड जवळजवळ नाही, चव सुरीसारखी. आणि १९७६ मध्ये पॅरिसला झाकून चाखण्याच्या परीक्षेत कॅलिफोर्नियातल्या नापाच्या शातो माँटेलेना वायनरीची १९७३ ची शार्डोने फ्रेंच वाइनच्या वर पहिली आली, तेव्हापासून जगभर शार्डोनेची लाट आली. पुढे त्या लाटेत इतकं लाकूड घातलं गेलं की लोक शार्डोनेलाच कंटाळले. त्यात द्राक्षाचा काही दोष नव्हता.

---

सुतारपक्षी | १४ जानेवारी, दुपारी १२:१०

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. धागा वाचून एकच विचार डोक्यात आला: ओकच का? सागवान का नको? शिसव, बाभूळ? आपल्याकडे इतकं चांगलं लाकूड असताना.

---

गोदाकाठ | १४ जानेवारी, दुपारी १:४५

सुतारपक्षी, तुम्ही लाकूड जाणता म्हणून सरळ सांगतो. सागाचं तेल तुम्हाला माहीत आहेच, रंधा मारताना हाताला लागतं. तेच तेल त्याला पाण्यात, वाळवीत टिकवतं. ते अल्कोहोलात उतरतं आणि ते पोटात जाऊ नये. व्हाइट ओकच्या नळ्या आतून पडद्यांनी बंद होतात, म्हणून त्याचं पिंप गळत नाही. त्याचं टॅनिन आणि भाजल्यावर सुटणारे वास माणसानं शेकडो वर्षं पिऊन पाहिलेत. फर्निचरच्या कामातला भुसा तर कुठल्याच लाकडाचा वापरू नका, अगदी ओकचाही. त्यावर गोंद असतो, पॉलिश असतं, आणि ते लाकूड भट्टीत घाईघाईनं वाळवलेलं असतं.

---

सुतारपक्षी | १४ जानेवारी, दुपारी २:००

पटलं. तेलाचा मुद्दा लक्षातच आला नाही. धन्यवाद.

---

निळी_छत्री | १६ जानेवारी, रात्री ११:००

कॅलगरीहून. मदत हवी आहे. शनिवारी शार्डोनेचं किट लावलं, पाच दिवस झाले, एक बुडबुडा नाही. आकडा जिथे होता तिथेच, १.०९०. पिशवी गॅरेजमध्ये होती, बाहेर उणे २०. यीस्ट मेलं का? ओकच्या चिपा वर तरंगताहेत, त्यांना बुरशी लागेल अशी भीती वाटते.

---

रानजाई | १६ जानेवारी, रात्री ११:२०

निळी_छत्री, घाबरू नका. यीस्ट मेलेलं नाही, थंडीनं गप्प बसलंय. बादलीचं तापमान आत्ता मोजा आणि इथे लिहा. १८ च्या खाली असेल तर बादली घरातल्या सगळ्यांत उबदार खोलीत न्या, बाहेरून जाड रजई गुंडाळा. हीटिंग बेल्ट मिळाला तर उत्तम, पण तो बादलीच्या मधोमध बांधा आणि २५ च्या वर जाऊ देऊ नका. तापमान २२ झाल्यावर चोवीस तास वाट पाहा. तरीही काही नाही तर नवीन ईसी-१११८ चं पाकीट अर्धी वाटी ३८ अंशाच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवा, मग त्यात बादलीतला रस चमचा-चमचा घालत त्याला सवय करा, आणि मग ओता.

चिपा स्वच्छ केलेल्या पळीनं दिवसातून एकदा खाली दाबा. झाकण उगाच उघडू नका.

---

निळी_छत्री | १८ जानेवारी, सकाळी ८:१५

१४ अंश होतं! दिवाणखान्यात आणून आईनं पाठवलेल्या गोधडीत गुंडाळलं. काल संध्याकाळी २१ झालं आणि रात्री दोन वाजता आवाज सुरू झाला. नवीन यीस्ट लागलंच नाही. रानजाई, खूप खूप आभार. मी रडायची बाकी होते.

---

चिंच_गूळ | १९ जानेवारी, सायंकाळी ७:३०

छान चाललाय धागा. न्यू जर्सीहून माझा एक अनुभव जोडतो, कारण तो थंडीशीच निगडित आहे. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझी वाइन ०.९९९ वर थांबली. मला वाटलं संपली. सॉर्बेट टाकलं, बाटल्या भरल्या. जूनमध्ये तळघर तापलं आणि एका रात्रीत सहा बुचं निघाली, कपाट, भिंत, गालिचा सगळं भिजलं.

कारण नंतर कळलं: सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त त्याची नवी पिढी होऊ देत नाही. जागं असलेलं यीस्ट उरलेली साखर खातच राहतं. आकडा ०.९९६ च्या खाली आणि तीन दिवस स्थिर, याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

---

रानजाई | ४ फेब्रुवारी, रात्री ९:००

अपडेट. १८ तारखेला १.००८ वर कारबॉयमध्ये काढली, चिपा बादलीतच राहिल्या. यावेळी साठ ग्रॅम सगळे सुरुवातीला आंबवणीतच टाकले होते, आणि गोदाकाठांचं वाचून ते तसंच राहू दिलं. ३० तारखेला ०.९९२, काल आणि आजही ०.९९२. म्हणजे १.०८८ वजा ०.९९२, गुणिले १३१, साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल.

आज गॅस काढला. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण किटाच्या कागदावर "दोन मिनिटं जोरात ढवळा" एवढंच असतं आणि माझ्या पहिल्या दोन बॅचा तिथेच बिघडल्या. आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वाइनमध्ये विरघळून बसतो. तो राहिला तर जीभ चुणचुणते, आम्ल टोचतं, लाकूड कडवट लागतं, आणि गाळही खाली बसत नाही, कारण बुडबुडे त्याला वर उचलत राहतात. थंड वाइन गॅस सोडत नाही, म्हणून आधी २३ अंशांवर आणा. मी ड्रिलला लावायची प्लास्टिकची काडी वापरते. पहिल्याच फिरवणीला पांढरा फेस कारबॉयच्या गळ्यापर्यंत उसळतो, दुधासारखा, थांबावं लागतं. तो बसला की पुन्हा, उलट्या दिशेनं. आज असं अकरा वेळा केलं. भोवरा करू नका, हवा आत ओढली जाते आणि पांढऱ्या वाइनला हवा सोसत नाही.

संपलं हे कसं कळायचं? नमुन्याच्या छोट्या बाटलीत अर्धी वाइन घ्या, अंगठ्यानं तोंड दाबून हलवा, अंगठा उचला. फुस्स झालं तर गॅस आहे. आज शेवटी नुसता ओला आवाज आला.

मग सल्फाइट आणि सॉर्बेट, अर्धी वाटी थंड पाण्यात विरघळवून. कीझलसॉल लगेच, दुसऱ्या दिवशी कायटोसॅन. कारबॉय गळ्यापर्यंत भरून ठेवला, वर दोन बोटांपेक्षा जास्त हवा नको. मी तशीच एक विकतची शार्डोने ओतून भरते, पाणी घालत नाही.

---

शेवगा | ५ फेब्रुवारी, दुपारी १:१०

ड्रिलची युक्ती घेतली. एक प्रश्न: त्यापेक्षा छोटं ओकचं पिंपच आणलं तर? २० लिटरचं मिळतंय.

---

गोदाकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

शेवगा, हिशेब करा. नेहमीचं पिंप २२५ लिटरचं. आकार लहान होत गेला की वाइनच्या मानानं लाकडाचा पृष्ठभाग वाढतो. २२५ वरून २० लिटरवर आलात की लिटरमागे लाकूड सव्वादोन पट. नव्या छोट्या पिंपात पांढरी वाइन दोन-तीन आठवड्यांत लाकडानं भरून जाईल, आणि हवेचा शिरकावही त्याच प्रमाणात वाढेल. पिंपाचा खरा फायदा म्हणजे वर्षभर थेंबाथेंबानं आत येणारी हवा. छोट्या पिंपात एवढा वेळ ठेवताच येत नाही. शिवाय ते रिकामं ठेवायचं नाही, सुकलं की फटी पडतात. पैसे चांगल्या किटावर घाला.

---

मोगरा | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:००

अवांतर: मी टोरोंटोत आहे आणि घरी जागा नाही. इथे अशी दुकानं आहेत जिथे किट त्यांच्याकडेच लावता येतं. यीस्ट गिऱ्हाईकानं स्वतःच्या हातानं टाकायचं, बाटल्याही स्वतः भरायच्या. मधलं सगळं ते बघतात. रानजाई, जेवणात काय वाढता याच्याबरोबर?

---

रानजाई | ६ फेब्रुवारी, सायंकाळी ५:४५

मोगरा, दुकानात केलंत तर त्यांना चिपा किती आणि कधी टाकणार हे आधी विचारा.

जेवणाचं: तिखटाबरोबर नको. ओकचं टॅनिन आणि अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवतात, कोल्हापुरी रश्श्याबरोबर दोन्ही वाया जातं. नारळाच्या दुधातलं, कमी तिखट काहीही चालतं. माझ्या हातची सर्वात चांगली जोडी ओल्या काजूंच्या उसळीची. इथे ओले मिळत नाहीत, सुके रात्रभर भिजवते. काजूचा गोडवा, ओलं खोबरं आणि ओकचं खोबरं एकमेकांना ओळखतात. पापलेट नुसतं हळद-मीठ लावून लोण्यावर परतलेलं, तेही.

---

रानजाई | १० मार्च, रात्री ९:३०

बाटल्या भरल्या. २९ निघाल्या. सहा महिन्यांवर ठेवायची आहे म्हणून भरण्याआधी पाव चमचा मेटाबायसल्फाइट जादा, साधारण दीड ग्रॅम. बुचं मारून तीन दिवस उभ्या ठेवल्या, आता आडव्या. कपाटावर खडूनं तारीख.

आजची चव: गॅस नाही, हे मोठं काम झालं. लाकूड समोर आहे, पण पहिल्या बॅचसारखं कडवट नाही. फळ दबलेलं.

---

निळी_छत्री | १२ मार्च, रात्री १०:१०

माझीही भरली, २८. नवरा लगेच उघडू म्हणत होता, त्याला या धाग्यातला लोणच्याचा परिच्छेद वाचून दाखवला.

---

रानजाई | १४ जून, रात्री ८:४०

तीन महिने. एक उघडली. व्हॅनिला वर आली आहे, लाकूड घशाशी थोडं रेंगाळतं. सफरचंद नाही, पेअर आहे. ग्लासात अर्धा तास ठेवल्यावर बरीच सुधारली.

---

पर्वतीपायथा | १५ जून, सकाळी ७:५०

मी हा धागा मालिकेसारखा वाचतोय. तुमच्या मैत्रिणीसाठीच्या, फक्त बेंटोनाइट माती आणि वेळ लावलेल्या बॅचचं पुढे काय झालं?

---

रानजाई | १५ जून, सायंकाळी ६:००

ती वर्षाची झाली, मैत्रिणीकडे शेवटच्या चार आहेत. ढवळाढवळ कमी झाल्यामुळे की काय, तिचा रंग सगळ्यांत सुंदर आहे, गव्हाच्या काडीसारखा.

---

रानजाई | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

सहा महिने झाले. आज बाहेर ओट्यावर बसून उघडली, १२ अंशांवर. फ्रीजमधून काढून लगेच पिऊ नका, फार थंड असली की ओकचा वासच उठत नाही.

ग्लास तोंडाजवळ नेण्याआधीच भाजलेला बदाम. पहिल्या घोटात पेअर आणि लिंबाची साल, मग मधोमध काहीतरी गोलसर, साखर नसून गोड भासणारं. शेवटी अगदी बारीक लवंग, जिथे तीन महिन्यांवर लाकूड टोचत होतं नेमकी तिथे. चिपा आंबवणीतच टाकल्याचा फरक मला स्पष्ट जाणवला: चौथ्या किटाला इथवर यायला दहा महिने लागले होते. गोदाकाठ, हा घोट तुमच्या नावानं घेतला.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ग्लास दाखवला. त्यांनी विचारलं, "तळाला गाळ आहे का?" नाही म्हटलं. "मग झालं."

---

गोदाकाठ | २२ सप्टेंबर, सकाळी ६:४०

ताई, वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे आता छाटणीचे दिवस जवळ आलेत, जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी. पुढचं किट कोणतं?

---

रानजाई | २२ सप्टेंबर, रात्री ९:०५

सॉव्हिन्यों ब्लांक (दुसऱ्या जातीच्या द्राक्षाची पांढरी) घ्यायचा विचार आहे, फ्रेंच ओकच्या तुकड्यांवर. वाइन-उत्पादक रॉबर्ट मोंडावींनी कॅलिफोर्नियात ओक लावलेल्या सॉव्हिन्यों ब्लांकला फ्युमे ब्लांक हे नाव दिलं, त्या धर्तीवर. २५ ग्रॅम तुकडे, मध्यम भाजलेले, आंबवण संपल्यावर आठ आठवडे. आंबवणीत मुद्दाम काही टाकणार नाही, दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघायच्या आहेत. किट लागलं की नवीन धागा काढते. शार्डोनेच्या २१ बाटल्या उरल्यात, त्यातल्या सहा वर्षासाठी मागच्या फळीवर ठेवल्या आहेत.